आपलेच दात, आपलेच ओठ

विचारलेला प्रश्न असा आहे: सगळी मानवजात हा एकच जिवंत देह आहे असं धरून चाललं, तर माणसामाणसांतली भांडणं, दंगली, युद्धं जास्त नीट कळतील का? आणि युद्ध म्हणजे देहाने स्वतःवरच केलेला हल्ला असेल, तर त्यावर उपचार काय?

गेली तीस वर्षं मी ज्यांचं शरीर स्वतःवरच उलटलं आहे असे पेशंट तपासते आहे. आमवात, ल्युपस आणि त्यांचं सगळं गोत. 'आपलेच दात, आपलेच ओठ' ही म्हण मी रोज रिपोर्टांतल्या आकड्यांमध्ये वाचते. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी कामाचा आहे आणि उत्तरही कामातूनच देते. हो, देहाची उपमा संघर्षाबद्दल खूप काही शिकवते. पण ती वापरणारे बहुतेक जण देह खरोखर कसा चालतो हे पाहतच नाहीत. देह म्हणजे एकोपा, सगळे अवयव गुण्यागोविंदाने नांदताहेत, असं मनात धरून सुरुवात केली की पुढचं सगळं चुकतं. अगदी निरोगी माणसाच्या रक्तातही हल्ल्याची पूर्ण तयारी असलेल्या पेशी चोवीस तास फिरत असतात, आणि त्यांच्यात स्वतःवर उलटू शकतील अशाही असतात. आपण धडधाकट असतो, कारण त्यांना आवरणारं कुणीतरी जागं असतं. हे आवरणं बिघडलं की जे होतं, ते माझ्या ओपीडीत येतं.

पण आधी 'एक देह' म्हणायचं कशावरून, हे ठरवू. वंशावरून म्हणायचं तर तो प्रश्न केव्हाच सुटला आहे. कुठल्याही दोन माणसांच्या डीएनएत हजार अक्षरांमागे साधारण एका अक्षराचा फरक असतो. १९७२ साली जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवलं की माणसांमधल्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकेका समूहाच्या आतच असते. समूहासमूहांमधला फरक त्यामानाने किरकोळ. तरीही रक्ताचे भाऊ एकमेकांचे गळे धरतात, तेव्हा नुसत्या वंशाने काम भागत नाही. मी कसोटी दुसरीच लावते. एका जागी टोचलं तर ते दुसरीकडे कळतं का?

एक पेशंट गुडघ्याचे रिपोर्ट दाखवायला आले होते. जुना मधुमेह. नेहमीसारखे चालत आत आले, खुर्चीत बसले. पाय तपासायचे म्हणून बूट काढायला सांगितला, तर मोज्याचा तळवा ओला, गडद. बुटाच्या तळातून एक खिळा आरपार आला होता आणि तळव्यात जवळजवळ बोटाच्या पेराएवढा रुतला होता. मी विचारलं, "हे कधीपासून?" ते खाली न बघताच म्हणाले, "काय कधीपासून?" सकाळपासून ते त्या खिळ्यावर चालत होते. मेंदू शाबूत, पाय शाबूत, रक्तपुरवठा चालू. फक्त मधुमेहाने मधले मज्जातंतू निकामी झालेले, म्हणून बातमी बंद. कुष्ठरोग्यांवर आयुष्यभर काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी हेच ओळखलं होतं. कुष्ठरोगात बोटं झडतात ती जंतू मांस खातो म्हणून नव्हे. बधिर हाताला भाजलेलं, कापलेलं कळत नाही, जखम तशीच वापरात राहते, आणि हात हळूहळू झिजतो.

मानवजात एक देह आहे की नाही याचं उत्तर त्यामुळे 'आहे' किंवा 'नाही' असं नसतंच. जिथवर बातमी पोचते तिथवर ती एक देह असते. १९५९ ते १९६१ च्या दरम्यान चीनमध्ये दीड कोटींहून अधिक माणसं भुकेने गेली. खालचे अधिकारी पिकांचे फुगवलेले आकडे वर पाठवत होते, वरून त्या आकड्यांच्या हिशोबाने धान्य वसूल होत होतं, आणि १९५९ मध्ये तर धान्याची निर्यातही चालू होती. एकाच देशाचा पाय खिळ्यावर होता आणि डोकं विचारत होतं, काय कधीपासून? चालत्या लोकशाहीत, वृत्तपत्रं मोकळी असलेल्या देशात मोठा दुष्काळ पडून माणसं अशी मरत नाहीत, हे अमर्त्य सेन यांचं निरीक्षण मी वैद्यकीय निरीक्षण म्हणूनच वाचते. तिथे मज्जातंतू शाबूत असतात. आणि न कळलेली जखम चिघळते तेव्हाच तिचं भांडण होतं, हे कुठल्याही दंगलीच्या मागची दहा वर्षं बघितली तर दिसतं.

आता 'आपलं' आणि 'परकं' याकडे येते, कारण संघर्षाचं मूळ तिथे आहे असं सगळे धरून चालतात.

आपलं कोण, परकं कोण, हे प्रतिकारयंत्रणेला जन्मतः ठाऊक नसतं. ते तिला शिकावं लागतं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची लहानशी ग्रंथी आहे. टी-पेशींची, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या लढाऊ पेशींची, शाळा तिथे भरते. शिकायला आलेल्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी पेशी बाहेर पडतात. ज्या काहीच ओळखू शकत नाहीत त्या बाद, आणि ज्या स्वतःच्याच शरीरावर जोरात चालून जातात त्याही बाद. हे 'स्वतःचं' म्हणून जे दाखवलं जातं, ते किती रुंद असू शकतं हे १९४५ साली रे ओवेन यांनी जुळ्या वासरांमध्ये पाहिलं. गायीच्या पोटात जुळ्या वासरांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या बहुधा जोडल्या जातात आणि एकाचं रक्त दुसऱ्यात जातं. ही वासरं मोठी झाली तरी दोघांच्या अंगात दोघांच्याही रक्तपेशी नांदत होत्या. रक्तगट वेगळे, तरी तक्रार नाही. पुढे पीटर मेडावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये उंदरांवर हेच सिद्ध केलं: जन्माआधी ज्याच्या पेशींशी ओळख करून दिली, त्याची कातडी मोठेपणी लावली तरी शरीर ती फेकून देत नाही. १९६० चं नोबेल मेडावर आणि बर्नेट यांना मिळालं ते याच कामासाठी.

मला या वासरांचं फार अप्रूप वाटतं. परकेपणा रक्तातच असतो असं लोक म्हणतात, आणि इथे प्रत्यक्ष रक्तच सांगतंय की तसं नाही; लवकर आणि सलग ओळख झाली की परकं उरत नाही.

याच्याही पुढचं पाऊल प्रतिकारशास्त्रज्ञ पॉली मॅट्झिंगर यांनी १९९४ साली टाकलं. त्यांचं म्हणणं असं की प्रतिकारयंत्रणा परक्यावर उठतच नाही, ती धोक्याच्या हाकेवर उठते. विचार करा, आतड्यात आपण लाखो कोटी जंतू पाळतो; सगळ्या शरीरात मिळून आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी आणि जंतू सुमारे ३८ लाख कोटी, असा अंदाज आहे. रोजचं अन्न परकं. आईच्या पोटातलं बाळ निम्मं वडिलांचं, म्हणजे तिच्या शरीराच्या हिशोबाने निम्मं परकं. तरी युद्ध होत नाही. पेशी फाटली, आतला माल बाहेर सांडला, की मात्र आजूबाजूला हाकाटी होते आणि सैन्य गोळा होतं. या सिद्धांतावर आमच्यात अजून वाद आहेत, पण माझ्या पेशंटना तो बऱ्याच अंशी लागू पडताना मी पाहिलं आहे.

आणि माणसांच्या संघर्षाला तर तो मला 'आपलं-परकं' पेक्षा कितीतरी जास्त लागू वाटतो. आफ्रिकेतल्या रवांडामध्ये हुतू आणि तुत्सी हे दोन समूह एकच भाषा बोलत, एकाच धर्माच्या चर्चमध्ये जात, त्याच टेकड्यांवर शेजारी राहत, आपसांत लग्नं करत. १९३० च्या दशकात बेल्जियन राजवटीने ओळखपत्रांवर दोन वेगळे शिक्के मारले. तरीही १९९४ मध्ये शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसं मारली गेली, ती शिक्क्यांमुळे एकाएकी नव्हे. त्याआधी कित्येक महिने रेडिओवरून एकच हाक चालू होती: ते तुम्हाला मारायला येताहेत, त्यांनी मारण्याआधी तुम्ही मारा. फरक सापडेना तर ओळखपत्र बघून शोधला, पण हाक आधी आली. म्हणून कुठे तणाव वाढतोय असं कुणी मला सांगितलं, की त्या दोन समूहांत फरक काय हे मी आता विचारत नाही. धोक्याची हाक कोण देतंय, ती खरी आहे का, आणि ती बंद का होत नाही, हे विचारते.

धोका खरा असतो तेव्हाही चूक होते. आमच्याकडे याचं सगळ्यात करुण उदाहरण म्हणजे रूमॅटिक ताप. मुलाचा घसा दुखतो, स्ट्रेप्टोकोकस जंतू असतो, शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवतं. जंतू खरा, बचाव योग्य. पण त्या जंतूच्या अंगावरचं एक प्रथिन आपल्या हृदयातल्या प्रथिनासारखं दिसतं. घसा आठवड्यात बरा होतो आणि काही मुलांत तीच प्रतिपिंडं हृदयाच्या झडपांवर जाऊन बसतात. वीस वर्षांनी स्टेथोस्कोप छातीवर ठेवला की ठोक्यांच्या मध्ये वाऱ्यासारखी एक फुंकर ऐकू येते. ती ऐकली की मला त्या कधीच्या विसरलेल्या घसादुखीची तारीख विचाराविशी वाटते. चोर सोडून संन्याशाला फाशी, तेही वीस वर्षांनी. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर चारच दिवसांनी अमेरिकेत ॲरिझोनामध्ये एका शीख माणसाला पगडी आणि दाढी पाहून गोळी घालण्यात आली. हल्ला खरा होता, दुःख खरं होतं, आणि सूड दिसण्यातल्या साम्यावर जाऊन पडला. समूहाचा राग कायम असाच साम्यावर पडतो, कारण रागाला बारकावे वाचायला वेळ नसतो.

मग या सगळ्याला आवरतं कोण? आजवर या उपमेत हा भाग कुणी नीट पाहिलेला मला आढळला नाही, म्हणून इथे जरा थांबते.

१९९५ साली दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे एक काम केलं. टी-पेशींवर सीटीएलए-४ नावाचं प्रथिन असतं. त्याचं जनुक उंदरांमधून काढून टाकलं. पिल्लं जन्मली, धडधाकट दिसली, आणि तीन-चार आठवड्यांत मेली. कापून पाहिलं तर हृदय आणि स्वादुपिंड स्वतःच्याच टी-पेशींनी भरून गेलेलं. बाहेरचा कुठलाही शत्रू नव्हता. फक्त ब्रेक काढला होता. त्याच वर्षी जपानमध्ये शिमॉन साकागुची यांनी टी-पेशींची एक वेगळीच जात दाखवून दिली. ती वगळून बाकीच्या टी-पेशी, स्वतःच्या टी-पेशी नसलेल्या उंदरात सोडल्या की तो आजारी पडे; ती जात परत दिली की वाचे. इतरांना शांत करणं हेच तिचं काम. पुढे मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी या पेशींमागचं जनुक शोधलं, आणि २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. ते जनुक बिघडलेली बाळं जन्मतात, तेव्हा त्यांचं आतडं, कातडी, स्वादुपिंड एकाच वेळी पेटतं.

तेव्हा शांतता ही शरीराची मूळ अवस्था नाही; ते रोजचं काम आहे, आणि ते करणाऱ्या पेशी पगारी नोकरासारख्या रोज कामावर याव्या लागतात. साधी सूज उतरते तीही आपोआप उतरत नाही. जंतू मेल्यावर शरीर वेगळी रसायनं तयार करून 'आता पुरे' असा निरोप पाठवतं, मेलेल्या पेशी उचलायला सफाईवाल्या पेशी येतात, मग दुरुस्ती सुरू होते. हा निरोप गेला नाही तर कारण संपूनही सूज राहते. आमवाताचा सांधा बोटाने दाबून पाहिला की ती सूज मऊ, किंचित गरम लागते. आत लढाई चालू असते आणि कशासाठी हे आता त्या पेशींनाही सांगता येणार नाही. काही युद्धांचं असंच होतं. सुरू होण्याचं कारण दहा वर्षांपूर्वी संपलेलं असतं, 'पुरे' म्हणणारी जागा मात्र रिकामी असते. म्हणून एखादा समाज आतून पेटला की मी आधी कुठला ब्रेक केव्हा निघाला ते शोधते. न्यायालयाचं ऐकणं कधी थांबलं? विरोधात बोलणारा आपल्यातलाच आहे हे मानणं कधी बंद झालं? दोन्ही बाजूंना ज्याच्याकडे जाता येईल असा माणूस, अशी बैठक, अशी संस्था कधी नाहीशी झाली? बहुतेक वेळा तारीख सापडते, आणि ती पहिल्या दगडाच्या बरीच आधीची असते.

ब्रेक नसलेल्या शरीरात लहान जखमही पुरते. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गामुळे अवयव बंद पडू लागतात तेव्हा, पेशंट जातो तो बहुधा जंतूमुळे नव्हे, जंतूला शरीराने दिलेल्या बेफाम उत्तरामुळे. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं बंद पडतात, आणि हे सगळं बचावाच्या नावाखाली. १९१४ च्या २८ जूनला सारायेव्होत दोन माणसांचा, ऑस्ट्रियाचा युवराज आणि त्याची बायको यांचा, खून झाला. ४ ऑगस्टपर्यंत, म्हणजे ३७ दिवसांत, युरोपातल्या पाच महासत्ता युद्धात होत्या. एकाने सैन्य हलवलं म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने हलवलं म्हणून तिसऱ्याने. प्रत्येकाच्या लेखी आपलं पाऊल बचावाचंच होतं. जवळपास एक कोटी सैनिक गेले. त्या ३७ दिवसांचा तक्ता मांडला तर तो आयसीयूतल्या तक्त्यासारखा दिसतो: एकेक आकडा मागच्या आकड्यामुळे चढत जातो.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण उपमा जिथे तुटते तिथेही ती शिकवतेच. शरीराच्या आठवणीला मुदत असते. १९१८ च्या फ्लूमधून वाचलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या माणसांच्या रक्तात २००८ साली त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं जिवंत सापडली. नव्वद वर्षं टिकलेली आठवण! पण माणूस गेला की त्याच्याबरोबर तीही गेली. आई आपली प्रतिपिंडं वारेतून बाळाला देते, आणि पहिल्या वर्षाच्या आत ती बाळाच्या अंगातून विरून जातात. आईने दिलेलं कवच पहिले महिने तारून नेतं, पुढचे शत्रू बाळाने स्वतः ओळखायचे असतात. निसर्गाने केवढं शहाणपण केलंय यात. मानवजातीच्या देहात तसं होत नाही. आजोबांचं वैर नातवाला मिळतं आणि विरत नाही, कारण आपण ते गोष्टींत, गाण्यांत, पुतळ्यांत, शाळेच्या धड्यांत जपून ठेवतो, आणि कुणाला तरी गरज पडली की खपली काढतो. आठवण ठेवूच नये असं मी म्हणत नाही; आठवण नसलेल्या शरीराला तोच आजार पुन्हा होतो. पण जखम कशी झाली याची आठवण वेगळी आणि कुणावर उलटायचं याची आठवण वेगळी. मुलांना पहिली द्यावी. दुसरी आईच्या प्रतिपिंडांसारखी आपल्यापाशीच संपू द्यावी.

आता या उपमेचा काळा भाग. तो सांगितल्याशिवाय हे उत्तर देणं मला बरोबर वाटत नाही, कारण त्यात माझ्याच पेशातली माणसं आहेत.

समाज हा देह आहे हे फार जुनं बोलणं आहे, आणि बहुतेक वेळा ते वरच्यांनी खालच्यांना सांगितलेलं आहे. पुरुषसूक्तात एकाच पुरुषाच्या मुखापासून पायांपर्यंत चार वर्ण लावले गेले, आणि पुढे कित्येक शतकं पायांनी पायच राहावं याला त्याचा आधार घेतला गेला. रोममध्ये इसवी सन पूर्व ४९४ च्या सुमारास सामान्य लोक शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले, तेव्हा सत्ताधाऱ्यांनी पाठवलेल्या मेनेनियस अग्रिप्पाने त्यांना पोटाची आणि हातापायांची गोष्ट सांगितली असं परंपरा सांगते: पोट आयतं खातं असं वाटतं, पण तेच सगळ्यांना पोसतं. गोष्ट शाळेत शिकवतात. लोक परत आले ते कशावर, हे मात्र सहसा सांगत नाहीत. त्यांना स्वतःचे प्रतिनिधी मिळाले, सत्ताधाऱ्यांचा निर्णय रोखण्याचा अधिकार असलेले. हातापायांना मज्जातंतू मिळाले, मगच देह जुळला.

आणि विसाव्या शतकात जर्मनीत 'फोल्क्सक्योर्पर', म्हणजे राष्ट्राचा देह, हा शब्द डॉक्टरांच्याच तोंडी होता. जवळपास निम्मे जर्मन डॉक्टर नाझी पक्षाचे सभासद झाले. ज्यू माणसांना जंतू म्हटलं गेलं, अपंगांना आणि मनोरुग्णांना राष्ट्राच्या देहावरचा भार म्हटलं गेलं. १९४० आणि १९४१ मध्ये अशा सत्तर हजारांहून अधिक पेशंटना संस्थांमध्ये विषारी वायूने मारलं, डॉक्टरांच्या सह्यांनी. त्यानंतर ६० लाख ज्यू. रवांडाच्या रेडिओवर माणसांना झुरळं म्हणत. मी हे वाचते तेव्हा माझ्या टेबलावर तेच शब्द असतात: संसर्ग, गाठ, काढून टाकणे. म्हणून मी स्वतःपुरते दोन नियम केले आहेत आणि ते मोडत नाही. देहाची सीमा, म्हणजे त्याची कातडी, आखायची तर सगळ्या माणसांभोवती आखायची. एका राष्ट्राभोवती, धर्माभोवती आखलेली कातडी बाकीच्यांना आपोआप जंतू ठरवते. आणि आजाराचं नाव घटनेला द्यायचं, माणसांना नाही. आमवात हा आजार आहे, गुडघा आजार नाही. चुकीच्या जागी पेटलेल्या टी-पेशीसुद्धा आजार नाहीत. पुढच्या संसर्गात त्याच मला हव्या असतात.

शिवाय माणूस पेशी नाही. आपल्या अंगात रोज सुमारे ३३,००० कोटी पेशी मरून नव्या येतात. तांबडी पेशी आपलं केंद्रक टाकून देऊन १२० दिवस प्राणवायू वाहते आणि मोडीत निघते. तिच्याकडून देह हे मागू शकतो. माणसाकडून ते मागणारा कुणीही 'देहाच्या भल्यासाठी' म्हणत असला तरी त्याच्यापासून दूर राहावं. मला या बाबतीत रुडॉल्फ फिर्शो जवळचा वाटतो. आजार पेशींत शोधणाऱ्या पेशीविकारशास्त्राचा पाया घालणारा हा जर्मन डॉक्टर शरीराला पेशींचं प्रजासत्ताक म्हणे. १८४८ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, त्याला प्रशियातल्या वरच्या सायलेशियात टायफसची साथ पाहायला पाठवलं. त्याने औषधांची यादी दिली नाही. उपाय म्हणून शिक्षण, स्वातंत्र्य आणि सुबत्ता लिहिली. सरकारला ते आवडलं नाही.

उपचाराचं विचारलं आहे, तर त्यात मी दोन गोष्टी वेगळ्या करते: आग विझवणं आणि ब्रेक पुन्हा बसवणं. १९४८ साली डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आजार संपला. औषध थांबवलं की तो परत येई. आजही मी स्टेरॉइड देते, जीव वाचवायला द्यावंच लागतं. पण महिनोन्‌महिने बाहेरून दिलं तर तेच रसायन बनवणारी शरीराची स्वतःची, मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी झोपी जाते, आणि एकदम बंद केलं तर पेशंट कोसळतो. म्हणून डोस थेंबाथेंबाने उतरवायचा, आणि उतरवताना आतली यंत्रणा जागी होतेय का ते बघायचं. बाहेरच्या शांतिसेनेचं असंच आहे. सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना १९६४ पासून आहे. तिने रक्तपात रोखला हे खरं, आणि सहा दशकांनंतरही ती काढता येत नाही हेही खरं.

पण हा देह कधीकधी खरोखर देहासारखा वागतो, आणि ते मी डोळ्यांत तेल घालून शोधत असते. १९५८ मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, देवीचा रोग जगातून घालवू असा प्रस्ताव सोव्हिएत संघाने मांडला. पुढे मोहिमेचं नेतृत्व एका अमेरिकन डॉक्टरकडे गेलं आणि लसीचे डोस मोठ्या प्रमाणावर सोव्हिएत संघाकडून आले. रुग्ण सापडला की त्याच्याभोवती लसीचं कडं करायचं, ही कामाची पद्धत तर थेट प्रतिकारयंत्रणेची आहे. १९७७ मध्ये नैसर्गिकरीत्या झालेला शेवटचा रुग्ण, १९८० मध्ये घोषणा. एकमेकांवर अण्वस्त्रं रोखलेले दोन हात त्याच वेळी एकाच जखमेला पट्टी बांधत होते. १९८५ मध्ये एल साल्वादोरच्या यादवी युद्धात मुलांना लस देता यावी म्हणून दोन्ही बाजूंनी तीन दिवस बंदुका खाली ठेवल्या, आणि युद्ध संपेपर्यंत दरवर्षी ठेवल्या.

एक गोष्ट राहिली. आवरणाऱ्या त्या पेशी येतात कुठून? त्याही टी-पेशीच असतात. त्याच थायमसमध्ये शिकलेल्या, आणि चवताळलेल्या पेशी शरीराचे जे तुकडे ओळखतात तेच ओळखणाऱ्या. म्हणूनच त्यांना नेमकं ठाऊक असतं कुठे जाऊन उभं राहायचं. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात यादवी युद्धाला चौदा वर्षं होत आली होती, मेलेल्यांचा आकडा अडीच लाखांच्या आसपास सांगतात. २००३ मध्ये लेमा ग्बोवी आणि तिच्याबरोबरच्या ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून महिनोन्‌महिने रस्त्याकडेला बसल्या. घानात अक्रा शहरात तहाची बोलणी नुसतीच लांबत होती, तेव्हा त्या तिथे गेल्या आणि सभागृहाच्या दारांसमोर हातात हात अडकवून बसल्या: ठरल्याशिवाय आतल्यांनी बाहेर यायचं नाही. आत बसलेले आणि तिकडे लढणारे परके नव्हते, त्यांच्याच समाजातले होते. सुरक्षारक्षक त्यांना हटवायला आले. त्या हटल्या नाहीत. १८ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या.